स्टॅफची वंशावळ मांडण्याआधी: एमआरएसए सर्वेक्षणात या चुका टाळा

आपल्या जिल्ह्यात एमआरएसएचे (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफ ऑरियस या जंतूचे) कोणकोणते वाण (स्ट्रेन) फिरताहेत, हा विषय प्रबंधासाठी मिळाला की विद्यार्थ्यांची पहिली धाव सिक्वेन्सिंगकडे (डीएनएचा क्रम वाचण्याकडे) असते. सिक्वेन्सिंग पैसे भरून बाहेरून करून घेता येतं. अभ्यास बिघडतो तो त्याच्या कितीतरी आधी, प्लेटवर आणि सॅम्पलच्या यादीत, आणि तिथे बिघडलेलं पुढे कुठलंही सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही.

मे महिन्यातला इन्क्युबेटर

मराठवाड्यातली ही सर्वांत महागात पडणारी चूक. साध्या इन्क्युबेटरमध्ये फक्त हीटर असतो, थंड करायची सोय नसते. खोली तापली की तोही तापतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42च्या वर जातो, संध्याकाळी प्रयोगशाळेचा एसी बंद करून सगळे घरी जातात, आणि बटण 35वर असलं तरी आत रात्रभर 38-39 अंश राहतात.

मग प्रसंग असा घडतो. जखमेच्या पुवातून स्टॅफ ऑरियस वाढलेला असतो. सकाळी प्लेट काढून सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकच्या 30 मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवतीचा झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) मोजला जातो: 23 मिलिमीटर. 21 किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट, 22 किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह; त्यामुळे रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलं जातं. पेशंटला क्लॉक्सॅसिलिन हे मेथिसिलिनच्याच वर्गातलं औषध सुरू होतं, पू काही कमी होत नाही. चौथ्या दिवशी तीच कॉलनी 34 अंशांना पुन्हा लावली की झोन 17वर येतो. जंतू तोच असतो, फक्त पहिल्या रात्री त्याचा रेझिस्टन्स झाकला गेलेला असतो.

कारण असं की मेथिसिलिनचा रेझिस्टन्स देणारा मेक-ए जीन असला तरी कित्येक स्ट्रेनमध्ये सगळ्या पेशी तो सारख्या जोराने वापरत नाहीत, आणि तापमान 35च्या वर गेलं की तो आणखी दबतो. ऑक्सॅसिलिनपेक्षा सेफॉक्सिटिन त्याला चांगलं जागं करतं, म्हणून ही डिस्क वापरतात. पण तिलाही मर्यादा आहे. विविधतेच्या अभ्यासात याचा फटका दुहेरी बसतो. एसटी 239सारखे (एसटी म्हणजे सात जीनच्या क्रमावरून दिलेला प्रकार-क्रमांक) रुग्णालयातले कडवे स्ट्रेन बहुधा उकाड्यातही पकडले जातात, तर समाजात फिरणारे, एससीसी-मेक (मेक-ए ज्यात असतो तो डीएनएचा तुकडा) प्रकार 4 किंवा 5 बाळगणारे काही स्ट्रेन निसटतात. उन्हाळ्यात गोळा केलेल्या यादीत विविधता कमी दिसते आणि विद्यार्थी त्यातून थेट निष्कर्ष काढतो.

उपाय अवघड नाही. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर घ्या आणि 34वर ठेवा. आत पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ठेवा. डिस्प्लेवर विश्वास नको. रात्रीचा उच्चांक कळण्यासाठी कमाल-किमान थर्मामीटर हवाच. पाचपेक्षा जास्त प्लेट एकावर एक रचू नका. 16 ते 18 तासांनी प्लेट उलटी धरून, काळ्या पृष्ठभागावर, परावर्तित प्रकाशात झोन बघा. कंट्रोल म्हणून फक्त एटीसीसी 25923 हा प्रमाणित स्ट्रेन लावणं ही आणखी एक पळवाट. तो स्ट्रेन सेन्सिटिव्हच आहे, उष्णतेने लपलेला रेझिस्टन्स तो दाखवणार कसा? सोबत मेक-ए असलेला 43300 लावा. तो सेन्सिटिव्ह दिसला, तर त्या दिवसाच्या सगळ्या प्लेट बाद.

मराठवाड्याला बेट समजणं

बेटावरच्या लोकसंख्येत स्टॅफची विविधता मोजणं तुलनेने सरळ असतं. ये-जा ठरावीक बंदरांतून होते, रुग्णालयं मोजकी असतात, आणि बाहेरून आलेला एखादाच क्लोन पसरून सगळीकडे दिसू शकतो. तीच पद्धत उचलून बीडच्या गावांत लावली तर फसगत ठरलेली. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. डिसेंबरात नाकाचे स्वॅब घेतले तर म्हातारी माणसं आणि मागे राहिलेली मुलंच सापडतात. टोळ्या गेल्यावर एकदा आणि परतल्यावर एकदा, असे दोनदा स्वॅब घ्या. फॉर्मवर ‘गेल्या सहा महिन्यांत कुठे होता’ हा रकाना ठेवा.

दुसरी गफलत एकाच पेशंटचे तीन-तीन आयसोलेट (नमुन्यातून वेगळे वाढवलेले जंतू) मोजण्याची. समजा 20 जणांकडून चार प्रकार मिळाले, प्रत्येकी पाच. सिम्पसन निर्देशांक (विविधतेचं माप; 1च्या जितका जवळ तितकी विविधता जास्त) येतो 0.79. आता त्यातल्या एका प्रकारच्या पाच जणांचे तीन-तीन नमुने यादीत राहिले, तर एकूण 30 होतात आणि निर्देशांक 0.69वर घसरतो. माणसं तेवढीच, जंतू तेच. प्रत्येक पेशंटचा पहिलाच आयसोलेट धरा, आणि हे गाळणं टायपिंगच्या आधी करा, नंतर नको.

फक्त स्पा टायपिंगवर भागवणं

स्पा टायपिंग (स्पा जीनच्या क्रमावरून प्रकार ठरवणं) स्वस्त आहे, एकाच जीनचं काम आहे, म्हणून सगळे तिथेच थांबतात. पण एसटी 239च्या गुणसूत्राचा साधारण पाचवा भाग एसटी 30च्या घराण्यातून आलेला आहे आणि स्पा जीन नेमका त्याच तुकड्यात बसतो. त्यामुळे स्पाने तो 30च्या घराण्यात पडतो, तर सात जीनच्या एमएलएसटीने (एसटी क्रमांक ठरवणाऱ्या पद्धतीने) 8च्या. निदान प्रत्येक स्पा प्रकारातल्या एकाची तरी एमएलएसटी करा. भारतात वारंवार दिसणारे एसटी 22 आणि एसटी 772 असे नीट वेगळे होतात.

बाकीच्या, थोडक्यात

मेक-ए पीसीआर मिश्र कल्चरवर करू नका. त्वचेवरच्या साध्या स्टॅफमध्येही तो जीन सर्रास असतो. एकच कॉलनी घ्या आणि सोबत स्टॅफ ऑरियसची खूण असलेला न्यूक जीन बघा.

ट्यूब कोॲग्युलेज (जंतू प्लाझ्मा गोठवतो का, हे बघून स्टॅफ ऑरियस ओळखायची चाचणी) चार तासांनी बघायलाच हवी. रात्रभर ठेवून थेट सकाळी बघितली, तर स्टॅफायलोकायनेज या जंतूच्याच एन्झाइमने गुठळी विरघळलेली असू शकते. स्लाइड टेस्टवर काम उरकणाऱ्यांच्या यादीत लुग्डुनेन्सिस हा दुसराच स्टॅफ हमखास घुसतो.

फ्रिजमधली डिस्कची कुपी थंड असताना उघडू नका. बाष्प धरतं, औषध मरतं, आणि मग सगळेच रेझिस्टंट दिसतात.

व्हँकोमायसिनला डिस्क लावू नका. एमआयसीच (वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) करा.

डीएनए काढताना लायसोझाइमने स्टॅफची भिंत फुटत नाही. लायसोस्टॅफिन लागतं, 37 अंशांना अर्धा तास. ते महाग म्हणून नुसतं उकळून भागवणाऱ्यांना अर्ध्या पीसीआर पुन्हा कराव्या लागतात.

प्रत्येक आयसोलेटच्या 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये दोन कुप्या उणे 80ला ठेवा, आणि दुसरी कुपी दुसऱ्या फ्रीजरमध्ये. वीज जाते तेव्हा एका फ्रीजरमधल्या सगळ्याच कुप्या एकदम वितळतात.