जुनी चित्रपुस्तकं मुलांच्या हाती देताय? या चुका टाळा

दर रविवारी सोसायटीतल्या पोरांना जमवून पुस्तकं वाचते. पोरं मोठी होऊन जातात, नवी येतात. पालकांच्या चुका मात्र त्याच.

पहिली चूक सेलोटेप. माळ्यावरून आपल्या लहानपणीचं पुस्तक काढायचं, फाटलेलं दिसलं की चर्रकन पट्टी ओढायची, झालं काम! मीही हे केलंय. सोव्हिएत संघातून स्वस्त आणि देखणी मराठी पुस्तकं यायची. १९९१ला तो देशच मोडला. बाबांनी घेतलेल्या त्यातल्या एका पुस्तकात अस्वलाच्या कानावर मी टेप लावली. चार पावसाळ्यांत ती पिवळी पडली, डिंक पाझरला, समोरचं पान डकलं. पुतण्यानं घाईत पान ओढलं आणि कान गेला पलीकडच्या कोल्ह्याच्या शेपटीवर. तो खदाखदा हसत होता, मी रडकुंडीला. तेव्हापासून मैद्याची पातळ खळ आणि पतंगाचा पांढरा कागद. (रंगीत नको, रंग उतरतो.) पानांमध्ये प्लॅस्टिक, वर पोळपाट, त्यावर वरवंटा, रात्रभर. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. मुलांच्या पुस्तकाला ती नकोच, मोरचूद विषारी. रात्रभर थांबवत नसेल तर पुस्तक फाटकंच राहू द्या.

दुसरी, माझ्या डोक्यात जाणारी: मजकूर वाचला की पान उलटायचं आणि शेवटी विचारायचं, “मग काय शिकलास?” माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका शब्द आणि चित्रं दोन्ही स्वतः करतात, ते काय उगाच? अर्धी गोष्ट चित्रात असते. एका बाबांनी अख्खं पुस्तक तीन मिनिटांत उरकलं आणि लेकीला तात्पर्य विचारलं. ती म्हणाली, “मांजरानं दूध सांडलं.” मजकुरात मांजर नव्हतंच, चित्रात कोपऱ्यात होतं. बाबांनी पाहिलंच नव्हतं. मी पान कधीच उलटत नाही. ते काम पोराचं.

मोबाइलवर पीडीएफ नको, दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध चिरतं.

चांदोबातलं विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत चार वर्षांच्या पोराला झोपताना दाखवू नका. रात्रभर तुम्हीच जागाल.

आणि पंधरा पुस्तकं एकदम पुढ्यात ओतू नका. मी एकच बाहेर काढते. बाकीची पिशवीत, पण कडा दिसतील अशी.