मुंबई–गोवा महामार्गालगत चार्जिंग स्टेशन उभारताना

कोकणात राष्ट्रीय महामार्ग ६६ लगत ज्यांचे हॉटेल, पेट्रोल पंप किंवा मोकळी जागा आहे, त्यांच्यासाठी विजेवरील वाहनांचे चार्जिंग स्टेशन हा आता व्यवहार्य जोडधंदा ठरू शकतो. त्यासाठी स्वतंत्र परवाना लागत नाही. चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला आहे. त्यामुळे परवान्याच्या चौकशीत वेळ दवडू नये. खरे काम महामार्गावरील प्रवेश आणि वीजजोडणी या दोन ठिकाणी असते.

केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २० किलोमीटरवर एक चार्जिंग स्टेशन असावे, तर बस आणि ट्रकसाठी हे अंतर १०० किलोमीटर धरले आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांसाठी २५ किलोमीटरचे लक्ष्य आहे. हे शासनाचे उद्दिष्ट आहे, आपल्या जागेला मिळालेले आरक्षण नव्हे. शेजारच्या गावात दुसरे स्टेशन उभे राहिले तर तक्रारीला जागा नसते. म्हणून आपल्या बाजूच्या मार्गिकेवर मागचे आणि पुढचे स्टेशन कोठे आहे, हे स्वतः जाऊन पाहावे.

महामार्गावरून थेट वाट काढायची असेल तर ना-हरकत लागते. पळस्पे ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूर ते झाराप हा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे असल्याने अर्ज योग्य कार्यालयातच करावा. सातबारा, जागेचा नकाशा आणि अकृषिक वापराची स्थिती आधी तपासून घ्यावी. घाटाच्या वळणावरची किंवा उड्डाणपुलाच्या चढाखालची जागा स्वस्त मिळाली तरी मी ती घेऊ नये असेच सांगेन.

यंत्र निवडण्यापूर्वी महावितरणच्या उपविभागात जाऊन जवळच्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) आणि फीडरवर, म्हणजे तेथवर वीज आणणाऱ्या वाहिनीवर, किती भार शिल्लक आहे, हे विचारावे. पुष्कळ जण आधी चार्जर मागवतात आणि नंतर रोहित्राचा खर्च पाहून थबकतात. १५० किलोवॉटपर्यंतचा भार लघुदाबावर, म्हणजे साध्या कमी दाबाच्या जोडणीवर, मिळू शकतो. ६० किलोवॉटचे दोन चार्जर आणि हॉटेलची दिवाबत्ती त्यात बसते, तिसरा चार्जर घेतला की उच्चदाब जोडणी आणि स्वतःचे रोहित्र आले. ग्रामीण भागात जोडणी १५ दिवसांत आणि डोंगराळ भागात ३० दिवसांत द्यावी, असे नियम सांगतात. नवी वाहिनी किंवा रोहित्र लागणार असेल, तर मात्र हिशेब अधिक दिवसांचा धरावा. विद्युत निरीक्षकांच्या मंजुरीबाबतही तेथेच विचारून घ्यावे.

दराचा विचार कोकणाच्या प्रवासाप्रमाणे करावा. केंद्राची तत्त्वे सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत स्टेशनला मिळणाऱ्या विजेसाठी वीज कंपनीच्या सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दर सुचवतात. महाराष्ट्रातील प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे. गणपतीला गावी येणारा चाकरमानी बहुधा रात्री मुंबई सोडतो, म्हणजे आपली गर्दी नेमकी महाग वेळेत पडण्याची शक्यता अधिक. आकारणी ठरवताना सेवेवरील १८ टक्के जीएसटीही धरावा.

गाडीच्या जोडणीसाठी सीसीएस-२ या जलद चार्जिंगच्या प्रमाणित प्लगची गन हवीच, कारण आजच्या बहुतेक चारचाकी त्यावरच चालतात. दुचाकींसाठी साधा एसी पॉइंट पुरे.

आता पाऊस. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा शहरातील सखल भागांत काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. चार्जर आणि पॅनेलचा चौथरा स्थानिक पूररेषेच्या वर घ्यावा, वर छप्पर घालावे आणि खाऱ्या हवेत टिकणारे आवरण निर्मात्याकडून लेखी मागावे. अर्थिंगकडे विशेष लक्ष हवे, कारण जांभ्याच्या कातळात ओल टिकत नाही आणि उन्हाळ्यात जमिनीचा विद्युत रोध वाढतो. एका खड्ड्याऐवजी अधिक इलेक्ट्रोड (जमिनीत पुरायच्या धातूच्या कांड्या) जोडून, मे महिन्यात या रोधाची मोजणी करून घ्यावी. खोदाई दिवाळीनंतर सुरू करून पावसाआधी आटोपावी, आणि स्टेशन सुरू होताच त्याची माहिती ऊर्जा दक्षता ब्युरोच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवावी, म्हणजे प्रवाशाला ते सापडेल.