खाली माग, वर बिऱ्हाड : इमारतीचं लोड मॉडेल कसं उभं करावं

सोलापूरच्या पूर्व भागात तळाला यंत्रमागांचा हॉल, पहिल्या मजल्यावर सुताच्या आणि चादरींच्या गाठी आणि त्यावर बिऱ्हाड अशी घरं सर्रास दिसतात. अशाच एका इमारतीचं, तिच्यावर येणाऱ्या सगळ्या भारांसकट, संगणकावर मॉडेल करू : १२ बाय १० मीटर, तळमजला अधिक दोन मजले. इमारतीचं गणित करणारं सॉफ्टवेअर ईटॅब्ज असो की स्टॅड, कामाचा क्रम एकच, बटणं तेवढी वेगळी.

मांडणी

एकक सुरुवातीलाच किलोन्यूटन-मीटर ठेवा. उभा अक्ष तपासा : स्टॅडमध्ये तो सहसा वाय असतो, ईटॅब्जमध्ये झेड. दोन्ही सॉफ्टवेअर आलटून पालटून वापरणाऱ्यांच्या हातून हमखास चूक होते आणि इमारतीचं वजन आडवं लागतं.

ग्रिड, म्हणजे आखणीच्या रेषा, कॉलमच्या मध्यातून घ्या. तळ मात्र जोत्यावर धरू नका. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत खाली जातं. ती दीड-दोन मीटरची उंचीही मॉडेलमध्ये यायला हवी आणि जोत्याचा बीम (प्लिंथ बीम) वेगळ्या पातळीवर दाखवायला हवा. ती गाळली तर तळमजल्याचे कॉलम कागदावर आखूड, म्हणजे आहेत त्याहून ताठ दिसतात आणि इमारत किती डुलेल याचा आकडा कमी येतो.

कॉलमच्या मापावरून इथं नेहमी वाद होतो. भिंतीत लपावा म्हणून मालकाला ९ इंची, म्हणजे २३० मिमीचा कॉलम हवा असतो. भारतीय मानक आयएस १३९२० : २०१६ नुसार कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी लागते. हा वाद मॉडेल करायच्या आधी मिटवा, नंतर सगळी ग्रिड हलते.

वजनं

वेळ द्यायचा तो इथे. लोड केस, म्हणजे भारांचे गट, वेगवेगळ्या ठेवा : स्वतःचं वजन, भिंती, फ्लोअरिंग, लाइव्ह लोड (माणसं आणि सामानाचा भार), टाकी, भूकंप एक्स आणि वाय दिशेला, वारा. ईटॅब्जमध्ये ‘सेल्फ वेट मल्टिप्लायर’ फक्त पहिल्या केसला १ द्या, बाकी सगळीकडे ०. भिंतीच्या केसलाही १ राहिला की काँक्रीटचं वजन दोनदा मोजलं जातं.

काँक्रीट २५ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरलं की १२५ मिमी स्लॅबचे ३.१ किलोन्यूटन प्रति चौ.मी. होतात. फ्लोअरिंगला १ ते १.५ धरा. मजल्याची उंची ३ मीटर आणि बीम ४५० मिमी असेल तर भिंत २.५५ मीटरची उरते. २३० मिमी विटांचं काम २० किलोन्यूटन प्रति घनमीटरने गुणलं की ११.७, गिलाव्यासकट १३ किलोन्यूटन प्रति मीटर.

लाइव्ह लोड आयएस ८७५ भाग २ मधून घ्या. राहत्या खोल्यांना २ किलोन्यूटन प्रति चौ.मी., जिना आणि बाल्कनीला ३. गाठींच्या मजल्याला मात्र घराचे २ लावून चालत नाही. साठवणीच्या खोलीला दर मीटर उंचीमागे २.४ आणि किमान ७.५ असा नियम आहे. म्हणजे गाठींचा मजला उंच ठेवून साडेतीन मीटर थप्पी लावली तर ८.४. तळमजल्याचे माग जमिनीवरच बसतात, त्यांचं वजन फ्रेमवर येत नाही. तेच माग स्लॅबवर चढवायचे असतील तर यंत्रांच्या मजल्याला ५ ते १० लागतात, शिवाय कंपनाचा हिशेब वेगळा.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (वीटतुकड्यांचा थर) असतो, त्याचे सव्वादोन तरी धरा. पाणी रोज येत नसल्याने टाक्या मोठ्या असतात. हजार लिटरला साधारण १० किलोन्यूटन, आणि टाकी कायम भरलेलीच समजा. तो भार सगळ्या स्लॅबवर पसरू नका, टाकी जिथे बसणार तिथल्या बीमवरच द्या.

भूकंप

आयएस १८९३ : २०१६ मध्ये सोलापूर भूकंप विभाग ३ मध्ये येतं, त्याचा विभाग गुणांक झेड ०.१६. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप जवळच्याच लातूर जिल्ह्यातला, त्यामुळे या आकड्याकडे कानाडोळा नको. या विभागात साधी फ्रेम चालत नाही, म्हणून तन्य डिटेलिंग करून, म्हणजे फ्रेम न तुटता वाकेल अशा सळया देऊन, भूकंपाचा जोर कमी करणारा गुणांक आर ५ घ्या. मॉडेलमध्ये ताठरपणा कॉलमचा पूर्ण छेदाच्या ७० टक्के, बीमचा ३५ टक्के ठेवा.

मास सोर्समध्ये, म्हणजे भूकंपासाठी कोणतं वजन धरायचं त्या यादीत, लाइव्ह लोडचे दोन गट करा : लाइव्ह लोड ३ किलोन्यूटन प्रति चौ.मी. पर्यंत असलेल्या मजल्यांचे २५ टक्के, त्याहून जास्त असलेल्यांचे ५० टक्के, गच्चीचे काहीच नाही. सगळीकडे २५ टाकले की गाठींचं धरलेलं वस्तुमान निम्म्यावर येतं, आणि स्क्रीनवर कसलीही चूक दिसत नाही.

मागांचा हॉल मोकळा आणि उंच, वर मात्र भिंती, म्हणजे खालचा मजला मऊ. तिथे कॉलम वाढवा किंवा शिअर वॉल (आडवा जोर घेणारी काँक्रीटची भिंत) द्या.

रन झाल्यावर

रंगीत चित्रं नंतर बघा. आधी तळाच्या उभ्या प्रतिक्रियांची बेरीज हाताने केलेल्या वजनाशी जुळवा. साध्या घराला सगळं धरून दर चौ.मी. स्लॅबला १० ते १५ किलोन्यूटन येतात, गाठींचा मजला त्याहून जास्त. मग बेस शिअर, म्हणजे भूकंपाचा तळाशी येणारा एकूण आडवा जोर : झेड ०.१६ भागिले २, गुणिले २.५ (बुटक्या इमारतीचा प्रतिसाद गुणांक), भागिले आर ५, म्हणजे भूकंपी वजनाच्या ४ टक्के. महत्त्व गुणांक १ आणि इमारत इतकी बुटकी असताना हाच आकडा यायला हवा. १० टक्के आले तर आर चुकला असेल, १ आले तर मास सोर्स. मजल्याचं सापेक्ष सरकणं उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे ३ मीटरला १२ मिमीच्या आत हवं.

फाइलच्या नावात प्लॉट, तारीख आणि आवृत्ती असू द्या. इमारतीच्या दोन भागांमध्ये जोडसांधा (मुद्दाम ठेवलेली फट) असेल तर प्रत्येक ब्लॉकची फाइल वेगळी करा, दोन ब्लॉक एका डायफ्रामला (एकसंध हलणाऱ्या स्लॅबला) बांधू नका. मालक वर आणखी एक मजला म्हणाला तर जुन्या फाइलची प्रत काढून त्यात बदल करा, मूळ फाइलला हात लावू नका, कारण फुटिंग तिच्यावरच ओतलेलं असतं.