छातीत धडधड, खिशात गोळी: चिंताविकारावर उपचार घेताना या चुका टाळा

'गॅस वर चढलाय', 'बीपी वाढलाय', 'अशक्तपणा आलाय'. सोलापुरात चिंताविकार दवाखान्याची पायरी चढतो तो बहुधा यांपैकी एखादं नाव घेऊन. सलाइन लागतं, ईसीजी निघतो, चार दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. या आजारांवर चांगले उपचार आहेत, पण ते फसतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: ज्याने लगेच बरं वाटतं, त्यालाच आपण उपचार समजतो. खालच्या बऱ्याच चुका त्या एका मुळाच्या फांद्या आहेत.

तपासणी नीट करा, पण एकदाच

पहिल्यांदाच छातीत दुखून घाम फुटला असेल, तर 'पॅनिक असेल' म्हणून घरी बसू नका. वय 40च्या पुढे, मधुमेह किंवा तंबाखू असेल, दुखणं डाव्या हाताकडे वा जबड्याकडे सरकत असेल, चालल्यावर वाढत असेल, तर थेट इमर्जन्सी गाठा. हृदय ठीक निघाल्यावरची यादी छोटी आहे: टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी), हिमोग्लोबिन, रक्तातली साखर, डॉक्टरांना गरज वाटली तर बी-12. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली की धडधड, हातांची थरथर, घाम, वजन घटणं हे सगळं हुबेहूब चिंतेसारखंच दिसतं.

चूक यापुढे होते. दर धडधडीला नवा ईसीजी, नवे डॉक्टर. रिपोर्ट नॉर्मल आल्याचा दिलासा दोन-तीन दिवस टिकतो, मग 'मशीनमध्ये दिसलं नसेल तर?' सुरू होतं. घरातल्या बीपीच्या मशीनचंही तेच. घाबरून दिवसात दहा वेळा मोजलं, तर आकडा वाढलेलाच येणार आणि तो बघून भीती आणखी वाढणार. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढ्याच वेळा, पाच मिनिटं शांत बसून मोजा.

एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या वर गेला की पत्र्याच्या शेडखाली मागावर उभ्या असलेल्या माणसाला नुसतं पाणी कमी पडलं तरी चक्कर आणि धडधड होते. त्यात दहा कप चहा आणि तंबाखू. कॅफीन आणि निकोटीन दोन्ही नाडी वाढवतात. चहा एकदम तोडू नका, डोकं दुखेल. आठवडाभरात दोन-तीन कपांवर आणा आणि संध्याकाळचा बंद करा.

सगळ्याला 'टेन्शन' म्हणू नका

औषधांत बरंच साम्य असलं तरी थेरपी आजाराप्रमाणे बदलते. सहा महिने, बहुतेक दिवस, घर-पैसा-तब्येत अशी विषय बदलत राहणारी काळजी हा सर्वसाधारण चिंताविकार. अचानक उसळून साधारण दहा मिनिटांत शिगेला जाणारी आणि मग आपोआप ओसरणारी भीती म्हणजे पॅनिक अटॅक. तो पुन्हा येईल या धास्तीत जगणं म्हणजे पॅनिक डिसऑर्डर. चारचौघांत बोलायची, जेवायची, सही करायची भीती वेगळी.

रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्यांची गंमत अशी की 'अंग सैल सोडा' हा सल्ला त्यांना उलटा पडतो. त्यांचा रक्तदाब त्या क्षणी घसरतो. त्यांनी हात, पाय, पोट 10 ते 15 सेकंद आवळून धरायचं, चेहरा गरम लागला की 20 ते 30 सेकंद सोडायचं, असं पाच वेळा. ज्या हातातून रक्त काढणार तो मात्र सैल ठेवायचा.

गोळ्यांच्या चुका

दोन प्रकारच्या गोळ्यांची इथे सर्रास गल्लत होते. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या गोळ्या तासाभरात शांत करतात. म्हणूनच त्या लोकांना 'लागू पडतात' आणि म्हणूनच त्यांची सवय लागते. थोड्या दिवसांसाठी, साधारण दोन ते चार आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली त्या ठीक. जुनी चिठ्ठी दाखवून दोन वर्षं चालू ठेवणं ठीक नाही. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावू शकतो. म्हाताऱ्या माणसांत तोल जाऊन पडणं वाढतं. आणि बराच काळ घेत असाल तर एका दिवसात बंद करू नका. झोप उडते, थरथर सुटते, क्वचित फिटही येते. डॉक्टर हळूहळू, आठवड्या-आठवड्याने मात्रा उतरवतात.

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन ही दुसरी जात. यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, बेचैनी उलट वाढू शकते. 'या गोळीने त्रास वाढला' म्हणून पाचव्या दिवशी सोडून देणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. चिंतेच्या रुग्णात डॉक्टर म्हणूनच कमी मात्रेने सुरुवात करतात, एस्सिटालोप्रॅम असेल तर अनेकदा 5 मिलिग्रॅमने. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर गोळी चालते, मग टप्प्याटप्प्याने बंद होते. पंचविशीच्या आतल्या रुग्णाच्या मनात सुरुवातीला जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

धडधडीसाठी शेजाऱ्याने दिलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळी दमा असलेल्याने घेतली, तर श्वासनलिका आवळतात. शेजारधर्म चटणी-भाकरीपुरता ठेवावा.

थेरपी कुठे फसते

सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, हे नुसतं बोलून मोकळं होणं नाही. साधारण 12 ते 16 सत्रं आणि प्रत्येक सत्रामागे गृहपाठ असतो. गृहपाठ न करता 'थेरपीने काही झालं नाही' म्हणणं म्हणजे तालमीत बसून चहा पिण्यासारखं.

तिचा गाभा एक्स्पोजर: ज्याची भीती त्याच्याकडे पायरीपायरीने जाणं. गर्दीत पॅनिक येणाऱ्यासाठी शिडी अशी असू शकते, पुढे भीतीचे गुण 100 पैकी. एकट्याने गल्लीच्या टोकापर्यंत, 20. शेअर रिक्षात, 35. नवी पेठेत सकाळी दुकानं उघडताना, 45. तिथेच संध्याकाळी सातला, 60. एकट्याने रेल्वेने कुर्डुवाडी आणि परत, 80. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) गर्दीत, 90.

पहिली चूक म्हणजे थेट गड्ड्याला जाणं. दुसरी, भीती शिगेला असताना तिथून पळणं. मग मेंदू शिकतो की 'पळालो म्हणून वाचलो'. भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबा, बहुधा अर्धा-पाऊण तास. तिसरी चूक, आठवड्यातून एकदा करणं. चार-पाच वेळा हवं. निघण्यापूर्वी कागदावर लिहा: 'मी चक्कर येऊन पडेन.' परत आल्यावर काय झालं ते त्याखाली लिहा. भीती किती उतरली यापेक्षा भाकीत खोटं ठरलं हे मनावर ठसणं मोलाचं.

चौथी चूक दिसत नाही म्हणून चिवट आहे: कुबड्या. पाण्याची बाटली, खिशातली अल्प्राझोलमची स्ट्रिप, सोबतीला बायको, सतत हातात फोन. पायरी चढली जाते, पण श्रेय कुबडीला मिळतं. एक-एक करून त्या घरी ठेवा. देवाचा अंगारा श्रद्धेने लावण्याला कुणाची हरकत नाही. तो विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागत असेल, तर तीही कुबडीच झाली.

श्वासाचंही तसंच. अटॅकमध्ये 'दीर्घ श्वास घे' म्हटलं की माणूस भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि वाटतं, संपलं आता. श्वास मोठा नको, सावकाश हवा: नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. सराव शांत वेळी, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. त्रास खरंच हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर ते धोक्याचं.

घरच्यांसाठी

'मला काही होणार नाही ना?' याला विसाव्यांदा 'नाही गं' म्हणणं प्रेमाचं असलं तरी भीतीला खाऊ घालणारं आहे. 'मनाला लावून घेऊ नकोस' हेही निरुपयोगी. आधीच दोघांनी एक वाक्य ठरवा: 'हा तोच जुना प्रश्न आहे, मी इथेच आहे, भीती उतरेपर्यंत थांबू.' तेवढंच बोला.

कुणाकडे जायचं

औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ. थेरपीसाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ पाहा. पहिल्याच भेटीत विचारा: सीबीटी करता का, गृहपाठ देता का, साधारण किती सत्रं? खासगी परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. मराठीखेरीज तेलुगू, कन्नडमध्येही बोलता येतं आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांसाठी हे लहान नाही. भीतीचे शब्द ज्या भाषेत सुचतात त्याच भाषेत थेरपी नीट होते.

बरं झाल्यावर वर्षभराने एखाद्या मे महिन्यात धडधड परत आली, तर कपाटातली जुनी स्ट्रिप काढू नका. आधी पाणी, झोप आणि चहाचा हिशोब बघा. मग शिडीवर दोन पायऱ्या खाली उतरून आठवडाभर तिथून पुन्हा चढा. तरी दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर जुनी फाइल आणि भाकितं लिहिलेला तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.