परवाना नसतानाही एफटी-८ ऐकायचं कसं?

एचएफ बँडवर (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर) आज बोलणाऱ्या हॅमपेक्षा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांपेक्षा, गुणगुणणारे संगणकच जास्त भेटतात. २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी-८ ही संगणकाकरवी रेडिओवरून छोटे लेखी निरोप पाठवायची पद्धत आणली, तेव्हापासूनची ही गर्दी. (१९९३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे टेलर ते हेच.) प्रक्षेपणाला परवाना हवाच. नुसतं ऐकायला अनेक देशांत लागत नाही, तरी आपल्याकडचा नियम आधी पाहून घ्या.

एसडीआर डाँगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेताना एकच गोष्ट विचारा: हा १४ मेगाहर्ट्झला उतरतो का? आपल्याला ऐकायचंय ते तिथेच. बरेच स्वस्त डाँगल साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली आपणहून जात नाहीत. अँटेना म्हणून दहा मीटर तार खिडकीबाहेर सोडली तरी सुरुवातीला पुरते.

संगणकावर डब्ल्यूएसजेटी-एक्स हे एफटी-८ उकलणारं मोफत सॉफ्टवेअर टाका. एसडीआरचा आवाज व्हर्च्युअल ऑडिओ केबलने (एका सॉफ्टवेअरचा आवाज दुसऱ्यात नेणाऱ्या सॉफ्टवेअरने) त्यात वळवा. मग एसडीआरवर लावा: १४.०७४ मेगाहर्ट्झ, अपर साइडबँड (यूएसबी) मोड, फिल्टर तीन किलोहर्ट्झ. धबधब्यासारख्या पडद्यावर बारीक उभ्या रेघा उतरू लागतील. एकेक रेघ म्हणजे एक स्टेशन, रुंदी जेमतेम ५० हर्ट्झ.

रेघा दिसतात, पण अक्षर उमटत नाही? नवखे लगेच अँटेनाला दोष देतात. आधी घड्याळ बघा. एफटी-८ चं सगळं गाडं १५ सेकंदांच्या ठोक्यावर चालतं: पावणेतेरा सेकंदांच्या आसपास प्रक्षेपण, उरलेल्या वेळात उकल. संगणकाचं घड्याळ दोन-तीन सेकंद चुकलं की पाटी कोरी! ते इंटरनेटच्या वेळेशी जुळवून घ्या. पुढे उकललेल्या ओळींमध्ये 'डीटी' (वेळेतला फरक, सेकंदांत) नावाच्या रकान्यावर नजर ठेवा. एखाद्याच स्टेशनचा आकडा १.२ असेल तर घड्याळ त्याचं चुकलंय, सगळ्यांचेच १.२ च्या आसपास असतील तर तुमचं.

दुसरा शत्रू घरातच असतो. एका संध्याकाळी माझा पडदा जाड पट्ट्यांनी भरून गेला, उकल शून्य. तासभर तार हलवून दमलो. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि पट्ट्या गायब. तेव्हापासून ऐकायला बसलो की लॅपटॉप बॅटरीवरच. एलईडी दिवेही एकेक बंद करून पाहा.

आता ओळ वाचा. आधी यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, मग डेसिबलमध्ये ताकद, मग डीटी, ध्वनीची वारंवारता आणि शेवटी निरोप: 'सीक्यू' (कुणीही उत्तर द्या अशी हाक), कॉलसाइन (स्टेशनचं सांकेतिक नाव) आणि ग्रिड (जागा सांगणारा दोन अक्षरं-दोन अंकांचा संकेत). ताकदीपुढे उणे १८ दिसलं तर दचकू नका. कानाला नुसती खरखर ऐकू येते तिथेही हे सॉफ्टवेअर निरोप काढतं. ग्रिडवरून स्टेशन नकाशावर शोधा, अंतर मोजा.

दिवसा २० मीटर, म्हणजे हाच १४ मेगाहर्ट्झचा बँड, बरा. अंधार पडला की ७.०७४ मेगाहर्ट्झवर या.