ओपॅक सजवण्याआधी : वाचकाचा शोध बिघडवणाऱ्या या चुका टाळा

कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली बसवून झाली, पुस्तकांच्या नोंदी चढल्या आणि ओपॅक (वाचकाला पुस्तके शोधण्यासाठीची ऑनलाइन सूची) इंटरनेटवर दिसू लागला की ग्रंथालयाला पहिली घाई होते ती त्याला रंगरूप देण्याची. संस्थेचे बोधचिन्ह, अध्यक्षांचे छायाचित्र, समुद्रकिनाऱ्याची सरकती चित्रे आणि वरून धावणारी ‘सुस्वागतम्’ची ओळ एवढे दोन दिवसांत उभे राहते. त्याच पडद्यावरच्या शोधपेटीत ‘मासे’ हा शब्द टाइप केला तर काय येते, हे मात्र उद्घाटनाच्या दिवसापर्यंत कोणी पाहिलेले नसते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील जी ओपॅक माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांतील बहुतेकांचे दुखणे रंगात नसते. ते अनुक्रमणिकेत (शोधासाठी यंत्राने केलेल्या शब्दसूचीत) आणि नोंदींत असते, आणि तिथले काम कंटाळवाणे असल्यामुळे तिकडे कोणी वळत नाही.

इंटरनेटवरून उचललेला नियम

कोहामध्ये झेब्रा हे शोधयंत्र वापरले जात असेल, तर शब्दांची अनुक्रमणिका दोन पद्धतींनी करता येते. जुनी पद्धत रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनलेली आहे. देवनागरी नोंदींसाठी आयसीयू ही सगळ्या लिप्या हाताळणारी पद्धतच निवडावी लागते. ती निवडल्यावर सगळ्या नोंदींचे पुन्हा अनुक्रमण करावे लागते, आणि ते न करताच “आयसीयू आमच्याकडे चालत नाही” असे सांगणारे लोक मला वर्षातून अनेकदा भेटतात. पण त्याहून मोठा घोळ आयसीयूच्या नियमांच्या फाइलमध्ये होतो.

किनारपट्टीवरच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील हा प्रसंग आहे. तिथे मत्स्यव्यवसायावरची पुस्तके चांगली दोन कपाटे भरून होती, तरी ‘मासे’ हा शब्द शोधल्यावर पहिली काही पाने मासिकांच्या बांधीव अंकांनी आणि मांसाहारी पाककृतींनी भरत. ‘केळी’ शोधले की ‘कळी’ हजर होई. ग्रंथपालबाईंनी आधीच्या तंत्रज्ञाला विचारले, तेव्हा त्याने “मॅडम, मराठीचं असंच असतं” असे उत्तर दिले आणि उपाय म्हणून ओपॅकच्या मुखपृष्ठावर ‘मत्स्यव्यवसाय’ असे निळे बटण लावून दिले. ते बटण दाबले की पूर्वी एकदा तयार केलेली स्थिर यादी उघडे, आणि नंतर आलेले एकही पुस्तक तिच्यात नसे.

नियमांची फाइल उघडल्यावर कारण एका ओळीत सापडले. फ्रेंच किंवा जर्मन शब्दांतील अक्षरांवरची चिन्हे काढून टाकणारा एक नियम कोणीतरी जशाच्या तसा चिकटवला होता. युरोपीय भाषांना तो सोयीचा आहे, कारण वाचक ती चिन्हे टाइप करत नाही. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकीय व्यवस्थेत) मात्र आपला उकार, एक मात्रा, अनुस्वार आणि पायमोडीचे चिन्ह हे सगळे याच ‘जागा न घेणाऱ्या चिन्हां’च्या वर्गात मोडतात, तर काना आणि दोन्ही वेलांट्या त्या वर्गात येत नाहीत. परिणामी यंत्राच्या लेखी ‘मासे’, ‘मांस’ आणि ‘मास’ हे तिन्ही शब्द ‘मास’ झाले, आणि ‘कूळ’, ‘केळ’ व ‘कळ’ यांतला फरकही मिटला. त्यात शब्दाचा शेवट आपोआप मोकळा ठेवणारे प्रेफरन्स (कोहातील सेटिंग) चालू असल्यामुळे ‘मास’पासून सुरू होणारे ‘मासिक’ही रांगेत येऊन उभे राहिले. ती एक ओळ काढली, सगळ्या नोंदींचे पुन्हा अनुक्रमण केले आणि मासे आपल्या कपाटात परतले. निळे बटणही त्याच दिवशी काढून टाकले.

यावरून माझी एक सवय पक्की झाली आहे. कोणतीही सेटिंग बदलली की एका कागदावर लिहून ठेवलेले ठरावीक शब्द मी क्रमाने शोधून पाहतो : मासे, केळी, कूळ, आंबा, किनारा, कोकण, कातळशिल्पे. या सातांपैकी एकाचाही निकाल आदल्या दिवसापेक्षा वेगळा आला, तर रंगरंगोटीचे काम तिथेच थांबते. ही पद्धत शास्त्रीय आहे असा माझा दावा नाही, पण चहा संपायच्या आत ती उरकते आणि घाईत असलेल्या माणसालाही जमते.

डोळ्यांना एक, यंत्राला दोन

‘किनाऱ्यावर’, ‘दर्यावर्दी’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द किनारपट्टीच्या ग्रंथालयात पदोपदी येतात. यांतला मधला शब्द रफाराचा असल्यामुळे त्रास देत नाही, मात्र ‘ऱ्या’ असलेले शब्द फसवतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वतंत्र ‘ऱ’ची कळ आहे, त्यामुळे तिथे टाइप करणारा ते अक्षर वापरतो. काही ध्वन्यात्मक कळफलक मात्र साधा ‘र’, पायमोडी आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह अशी रचना करतात. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधयंत्राला ते वेगळे असतात. सकाळच्या पाळीतल्या कर्मचाऱ्याने चढवलेली पुस्तके सापडतात आणि दुपारच्या पाळीतली सापडत नाहीत, असे कोड्यात टाकणारे गाऱ्हाणे कानावर आले की मी आधी दोघांचे कळफलक पाहतो.

इथे उतावळा उपाय असा केला जातो की नियमांच्या फाइलमध्ये अदृश्य चिन्ह गाळून टाकायचे. ते गाळल्यावर उरतो तो साधा रफार, म्हणजे ‘किनार्यावर’, आणि तो ‘किनाऱ्यावर’शी तरीही जुळत नाही. अदृश्य चिन्हासह आलेल्या ‘र’ला ‘ऱ’मध्ये बदलणारा नियम आयसीयूच्या फाइलमध्ये लिहिला तर प्रश्न खऱ्या अर्थाने सुटतो, कारण तो नियम नोंद आणि वाचकाचा शोधशब्द या दोन्हींना सारखाच लागू होतो. ‘ॲ’चे असेच आहे. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ते ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहिले जाई आणि आजही काही कळफलक तसेच लिहितात. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण या दोन रूपांना एक मानत नाही, म्हणून त्यासाठीही वेगळा नियम हवा. ‘ॲक्वाकल्चर’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामागची ही भानगड कळण्याचे काही कारण नाही.

श्री-लिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये केलेली नोंद युनिकोडमध्ये रूपांतरित न करता आयात केली असेल, तर वरचे सगळे विसरा आणि आधी रूपांतर करा.

जुने लेखन, विभक्ती आणि विषय

कोकणातील वाचनालये जुनी आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे आणि त्यानंतरच्या शतकभरात किनाऱ्यावर कितीतरी वाचनालये उभी राहिली. अशा संग्रहांत १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी छापलेली पुस्तके भरपूर असतात आणि त्यांच्या मुखपृष्ठांवर ‘कोंकण’, ‘नांव’, ‘घरांत’ असे अनुस्वार असतात. आजचा वाचक ‘कोकण’ टाइप करतो आणि त्याला ही पुस्तके दिसत नाहीत. यावर काही उत्साही मंडळी मूळ नोंदीतले शीर्षकच ‘शुद्ध’ करून टाकतात, ज्यामुळे संदर्भ देणारा अभ्यासक गोत्यात येतो. शीर्षक नोंदीच्या २४५ या टॅगमध्ये (ठरावीक क्रमांकाच्या रकान्यात) छापले आहे तसेच राहू द्यावे आणि आजचे लेखन २४६ मध्ये पर्यायी शीर्षक म्हणून द्यावे. भ्रमणध्वनीवर रोमन लिपीत टाइप करणाऱ्यांसाठी रोमन रूपही मी तिथेच देतो. नियमांच्या फाइलमध्ये सगळेच अनुस्वार पुसून टाकण्याचा मोह कोणाला होत असेल, तर त्याने वरचा माशांचा प्रसंग पुन्हा वाचावा.

विभक्तीचा प्रश्न याहून चिवट आहे. ‘कोकण’ शोधल्यावर शेवट मोकळा असेल तर ‘कोकणातील’ सापडते, पण ‘आंबा’ शोधल्यावर ‘आंब्याची लागवड’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात शब्दाचा शेवटच बदलतो. कोहातील शब्दांचे मूळ ओळखणारी सोय मराठीला उपयोगाची नाही, त्यामुळे ते प्रेफरन्स चालू करून वाट पाहत बसू नये. ६५० या विषयाच्या टॅगमध्ये ‘आंबा’ हा मूळ शब्द भरला की काम होते. प्रत्येक नोंदीमागे अर्धा मिनिट जातो, आणि नेमका तोच वाचवण्यासाठी लोक बाहेरून आयात केलेल्या नोंदीतले इंग्रजी विषय तसेच ठेवतात. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, त्यामुळे त्यांबद्दल विचारणारा वाचक आता कोणत्याही वाचनालयात येऊ शकतो. तो ‘कातळशिल्पे’ किंवा ‘कातळशिल्प’ असे टाइप करणार, आणि नोंदीत मात्र ‘पेट्रोग्लिफ्स’ एवढेच असणार. परदेशी नोंद आयात करायला माझी हरकत नाही. ती वाचून न पाहता जतन करण्याला आहे.

लपवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला पूर आला, त्यानंतरच्या महिन्यांत नदीकाठच्या एका ग्रंथालयाची ओपॅक पाहायला मिळाली. चिखलात गेलेल्या पुस्तकांच्या प्रती नोंदींत अजून ‘उपलब्ध’ होत्या. तक्रारी वाढल्यावर कोणीतरी सीएसएसच्या (पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचनांच्या) एका ओळीने उपलब्धतेचा अख्खा रकानाच अदृश्य केला होता. त्यामुळे गुहागरहून एसटीने आलेल्या माणसाला पुस्तक नाही हे काउंटरवर येऊनच कळत असे, आणि शिल्लक असलेले पुस्तक कोणत्या शाखेत आहे हेही घरबसल्या कळण्याची सोय गेली. अशा वेळी दाखल क्रमांकांची यादी करून त्या प्रतींवर ‘गहाळ’ किंवा ‘निर्लेखित’ (संग्रहातून काढलेली) अशी स्थिती घाऊक बदलाच्या साधनाने लावावी, आणि गहाळ प्रती वाचकाला न दाखवण्याचे जे प्रेफरन्स कोहात आहे ते चालू करावे. सीएसएसने लपवलेली माहिती पानाच्या आत तशीच राहते आणि शोधाच्या निकालांतही येत राहते.

थोडक्यात आणखी काही

टेम्प्लेटच्या मूळ फाइलींना हात लावू नका, पुढच्या अपग्रेडला त्या पुसल्या जातात. सीएसएस आणि जावास्क्रिप्ट त्यांच्यासाठी दिलेल्या प्रेफरन्समध्येच लिहा, आणि प्रत्येक बदलाआधी जुना मजकूर तारीख घालून साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवून ठेवा. जावास्क्रिप्टने पानाची मोडतोड जितकी कमी कराल तितके अपग्रेडनंतरचे रडणे कमी होईल.

मुखपृष्ठावरची सरकती चित्रे काढून टाका. पावसाळ्यात राजापूरच्या आतल्या गावात जो वाचक भ्रमणध्वनीवर पान उघडतो, त्याला त्या चित्रांची वाट पाहत बसावे लागते आणि शोधपेटी पडद्याच्या खाली ढकलली जाते.

आयएसबीएन हे पुस्तकांच्या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक १९७० मध्ये झाले. त्याआधीच्या पुस्तकांना तो क्रमांक नसतो, म्हणून बाहेरून मुखपृष्ठे आणणारी सेवा चालू केली तरी जुन्या मराठी संग्रहात रिकामे चौकोनच दिसतात. निवडक पुस्तकांची मुखपृष्ठे स्वतः स्कॅन करून चढवा, नाहीतर ती सोय बंद ठेवा.

‘होल्ड’ या बटणावर ‘पुस्तक राखून ठेवा’ असे लिहा.

शोध रिकामा आल्यावर दिसणारे पान बहुतेक ठिकाणी कोरे सोडलेले असते. तिथे हवा तो मजकूर देण्याची सोय कोहात आहे. मी त्या पानावर तीन ओळी टाकतो : शेवटचे अक्षर गाळून पाहा, अनुस्वार देऊन किंवा काढून पाहा, आणि तरीही न मिळाल्यास काउंटरवर या वेळेत फोन करा. फोन क्रमांकाशेजारी वेळ लिहायला विसरू नका, कारण दुपारच्या सुट्टीत वाजणारा फोन कोणी उचलत नाही.