तांदळाचा हिशेब चुकतो कुठे? या चुका टाळा

तांदळाच्या टंचाईची बातमी आली की लगेच आकडे मांडले जातात: एवढं उत्पादन, एवढी गरज, एवढी तूट. वजाबाकी बरोबर असते आणि तरी महिन्याभरात भाव भलतीकडेच गेलेले असतात. विकसनशील देशांच्या धान्यबाजाराचे तक्ते तपासताना मला त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा सापडतात. ज्या घरांचा निम्मा पगार पोटावर खर्च होतो, त्यांच्या ताटात या चुका थेट उतरतात. म्हणून हे जरा तपशिलात सांगतो.

भात आणि तांदूळ एकाच तराजूत घालू नका

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. शेतातून येतं ते भात, म्हणजे टरफलासकटची साळ. गिरणीतून निघतो तो तांदूळ. तुसात साधारण पाचवा हिस्सा जातो, कोंड्यात आणखी 8 ते 10 टक्के. चांगल्या गिरणीत 100 किलो स्वच्छ, वाळलेल्या भातातून 65 ते 70 किलो तांदूळ मिळतो. एकाच फेरीत सोलून घासणाऱ्या जुन्या लहान गिरणीत उतारा 55 च्या आसपासही घसरतो.

आता ओलावा धरा. कापणीच्या वेळी दाण्यात 20 ते 25 टक्के पाणी असतं आणि साठवणीसाठी ते 14 टक्क्यांवर आणावं लागतं. 24 टक्के ओलाव्याचं 1,000 किलो भात वाळवलं की 884 किलो उरतं. त्याला 65 टक्के उतारा लावला तर हातात 575 किलोच्या आत तांदूळ येतो. त्यातही अख्खा दाणा किती आणि कणी किती, हा प्रश्न राहतोच. भात कडक उन्हात घाईने वाळवलं, किंवा वाळल्यावर पुन्हा भिजलं, तर दाणा आतून तडकतो. सोललेला दाणा उजेडासमोर धरा, आडवी बारीक चीर दिसते. घासताना तो तिथेच तुटतो.

एका तक्त्यात मी उत्पादन भाताचं, आयात तांदळाची आणि साठा दोन्ही मिळून धरलेला पाहिला होता. त्यावरून देशात मुबलक धान्य असल्याचा निष्कर्षही काढलेला होता. तुमची बेरीज जुळत नसेल तर धोरण, साठेबाजी, हवामान या सगळ्याकडे वळण्याआधी तीन गोष्टी विचारा: आकडा भाताचा की तांदळाचा, ओल्याचा की वाळलेल्याचा, आणि उतारा किती धरला आहे. निम्म्या वेळा दोष इथेच सापडतो.

पाऊस गेला म्हणजे वर्ष गेलं, असं धरू नका

बांगलादेशात वर्षाला भाताचे तीन हंगाम असतात: आऊस, आमन आणि बोरो. निम्म्याहून जास्त तांदूळ बोरोचा, म्हणजे हिवाळ्यात लावून एप्रिल-मेच्या सुमारास कापल्या जाणाऱ्या, ओलिताच्या पिकाचा. पावसाळा फसला तर फटका आमनला बसतो. बोरोचं गणित डिझेल, वीज आणि खतावर चालतं. कोणत्या पिकाचं काय बिघडलं हे न पाहता टंचाई जाहीर केली, तर आयात नेमकी पुढचं पीक बाजारात येताना बंदरात पोचते आणि शेतकऱ्याचा भाव पाडते.

भाव चढले म्हणजे पीक बुडालं, हे गृहीत धरू नका

2008 चं उदाहरण यासाठी नीट समजून घेण्यासारखं आहे. जगात पिकणाऱ्या तांदळापैकी जेमतेम दहावा हिस्सा देशाबाहेर विकला जातो, बाकीचा जिथे पिकतो तिथेच खाल्ला जातो. इतका उथळ बाजार थोड्या हालचालीनेही ढवळून निघतो. ऑक्टोबर 2007 मध्ये भारताने बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीला आवर घातला. व्हिएतनामनेही हात आखडता घेतला. घाबरलेल्या फिलिपीन्सने मोठमोठ्या निविदा काढल्या. 2007 च्या अखेरीस टनाला 400 डॉलरच्या आत असलेला थाई तांदूळ एप्रिल-मे 2008 पर्यंत 1,000 डॉलरच्या घरात गेला. या काळात जगाचं पीक बुडालेलं नव्हतं, उलट चांगलं होतं. सरकारं, व्यापारी आणि घरोघरची माणसं, सगळ्यांनी एकाच वेळी थोडं थोडं जास्त धरून ठेवलं होतं.

मग जपान आपल्या गोदामातला आयात तांदूळ बाहेर काढू शकतो, अशी बातमी मे महिन्यात आली. तो तांदूळ प्रत्यक्ष हलण्याआधीच भाव उतरू लागले. म्हणून भाव उडाले की पिकाच्या अंदाजाबरोबर निर्यातीच्या घोषणा, निविदांचा आकार आणि साठा कोणाच्या हातात आहे, हेही तपासा. घराघरातला साठा कुठल्याच तक्त्यात नसतो. एरवी पाच किलो घेणारा दहा घेऊ लागला, की दुकानदाराला तो सगळ्यांच्या आधी कळतो.

सगळा तांदूळ सारखा मोजू नका

सेनेगलमध्ये रोजच्या जेवणात कणी लागते, बांगलादेशात उकडा तांदूळ. भारताने सप्टेंबर 2022 मध्ये कणीची निर्यात थांबवली, 20 जुलै 2023 रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची थांबवली, आणि ऑगस्टमध्ये उकड्यावर 20 टक्के शुल्क लावलं. तिन्ही निर्णयांची झळ वेगवेगळ्या देशांना वेगवेगळी लागली. 'तांदळावर बंदी' एवढंच लिहून थांबलात तर कोणाचं काय अडलं हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आदेशाने भाव बांधण्याआधी दुकानदाराची खरेदी विचारा

सप्टेंबर 2023 मध्ये फिलिपीन्सने किरकोळ विक्रीला कमाल दर ठरवून दिला: साध्या तांदळाला किलोमागे 41 पेसो, चांगल्या घासलेल्याला 45. अनेक लहान दुकानदारांनी माल त्याहून महाग घेतलेला होता. सरकारला त्यांना रोख मदत द्यावी लागली आणि महिन्याभरात, 4 ऑक्टोबरला, मर्यादा उठली. तेव्हा कापणीही जवळ आलेली होती. अशा वेळी भाव उतरले तर ते आदेशामुळे की नव्या आवकेमुळे, हे वेगळं काढल्याशिवाय कोणालाच श्रेय देऊ नये. गोरगरिबांना स्वस्त तांदूळ मिळावा ही इच्छा मलाही मनापासून पटते. म्हणूनच तोटा सोसणाऱ्या टपरीवाल्यावर त्याचा भार टाकणं मला चुकीचं वाटतं.

उलट दिशेची चूक थायलंडने केली. 2011 मध्ये सरकारने शेतकऱ्यांकडून साधं भात टनाला 15,000 बाट देऊन घ्यायला सुरुवात केली. बाजारभावापेक्षा हा दर खूपच वर होता. आपण माल रोखला की जगाचा भाव चढेल, असा हिशेब होता. त्याच वर्षी सप्टेंबरात भारताने बिगर-बासमतीची निर्यात पुन्हा खुली केली. 2012 मध्ये निर्यातीतला पहिला क्रमांक थायलंडच्या हातून गेला, गोदामं भरत राहिली आणि तांदूळ जुना होत गेला. साठवलेल्या तांदळाचं वजन वहीत तेवढंच दिसतं, पण त्याची किंमत दर पावसाळ्याला उतरते.

शेतकरी म्हणजे फक्त विकणारा, असं समजू नका

ही चूक बारीक आहे, पण मला सगळ्यात जास्त टोचते. 'भाव वाढला, शेतकऱ्याचं भलं झालं' असं सर्रास लिहिलं जातं. अर्धा-एक एकरवाला कर्ज फेडायला कापणीनंतर लगेच विकतो, तेव्हा भाव तळाला असतो. चार-पाच महिन्यांनी कणगी रिकामी होते आणि तोच माणूस दुकानातून चढ्या भावाने तांदूळ आणतो. भाववाढ कापणीच्या वेळी झाली की नंतर, यावर त्याचा नफा-तोटा ठरतो, आणि वार्षिक सरासरीत हे दोन्ही भाव एकमेकांत विरून जातात.

तेव्हा गावात माहिती गोळा करताना 'किती पिकलं?' एवढ्यावर थांबू नका. कापणीनंतरच्या पहिल्या महिन्यात किती पोती विकली, आणि वर्षातले किती महिने तांदूळ विकत घेतला, हे दोन्ही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा घरातली बाई देते, कारण दुकानाची उधारी तिच्या लक्षात असते.